न पटणारी जोडी

केसांना कलप लावलेला नायक लेकीच्या वयाच्या नायिकेमागे बागडू लागला, की आमच्या कुंभारवाड्यातील शाळेच्या मुली खुदकन हसतात. मात्र मी त्यांना १९३७ सालचा ‘कुंकू’ दाखविला, तेव्हा कुणीच हसले नाही. असे का व्हावे?

नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी ‘प्रभात’साठी हा बोलपट काढला. वृद्ध विधुर काकासाहेब झाले केशवराव दाते. त्यांच्याशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा झाल्या शांता आपटे. जरठकुमारी विवाहाचा प्रश्न देवलांच्या ‘संगीत शारदा’ने १८९९ मध्येच रंगभूमीवर मांडला होता, पण येथे नवरी पत्नीपण स्वीकारण्यास साफ नकार देते. पार्श्वसंगीत नाहीच. भिंतीवरचे घड्याळ तेवढे टिकटिकत राहते आणि म्हाताऱ्याचे वय आपल्याला विसरू देत नाही. अखेर काकासाहेबांनाच आपला अन्याय उमगतो. दात्यांनी त्यांना खलपुरुष केले नाही, हे मला विशेष वाटते.

प्रेमाची गोष्टही अशीच पटू शकते. ‘चीनी कम’ (२००७) मधील नायक चौसष्ट वर्षांचा, नायिका चौतीस वर्षांची आणि सासरा जावयाहून लहान! तेथे सारे त्या अंतराविषयी बोलतात, भांडतात. सासरा तर उपोषणालाच बसतो. आमच्या मुली ज्याला हसतात, त्या चित्रपटात मात्र हे अंतर कुणालाच दिसत नाही.

‘कुंकू’ संपल्यावर एका मुलीने विचारले, “गुरुजी, लग्नाआधी नीरेला कुणी विचारलेच नव्हते ना?”

नव्हते.