गिलाव्यातलं भुसकट

कन्नड तालुक्यातल्या आमच्या घराच्या भिंती मातीच्या होत्या. उन्हाळा लागला की आई पांढऱ्या मातीत शेण आणि गव्हाचं भुसकट घालून चिखल तुडवायची, तो चार दिवस मुरू द्यायची आणि मग गिलावा करायची. भुसकट कशाला, असं विचारलं की म्हणायची, "नाहीतर भिंत तडकते रे." पण त्याच भुसकटाला वाळवी लागायची आणि दोन-तीन वर्षांत भिंत पोकळ वाजू लागायची.

अजिंठ्याची चित्रंही अशाच मातीवर आहेत. चित्रकारांनी खडकावर भुसा-गवत मिसळलेल्या मातीचा थर दिला, त्यावर चुन्याचा पातळ हात फिरवला आणि मग गेरू, पिवळी माती, काजळी, लाजवर्द असे रंग भरले. खडक टिकला, रंगही टिकला. मधली माती मात्र किड्यांनी पोखरली. किमान पाव भाग चित्रं कीटकांनी संपवली असावीत, असा संशोधकांचा अंदाज आहे. तिथून शंभरएक किलोमीटरवरच्या वेरूळच्या गिलाव्याला मात्र किडीचा तसा उपद्रव दिसत नाही.

असं का, याचा शोध दोघांनी घेतला: भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे रसायनतज्ज्ञ मॅनेजर सिंह आणि औरंगाबादच्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई. त्यांनी वेरूळच्या गिलाव्यातले काडीचे तुकडे वेगळे केले आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. कोणता पदार्थ कोणते अवरक्त किरण शोषतो, यावरूनही ते पारखून घेतले. मग जालना आणि दिल्ली परिसरातून ताजी झाडं आणून ताडून पाहिलं. ती काडी भांगेच्या झाडाची निघाली! २०१६ साली 'करंट सायन्स'मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. भांगेचा धागा चिवट असतो, हवेतला ओलावा शोषतो आणि सोडतो, आणि त्याच्या वाटेला कीड सहसा जात नाही, असं त्यांचं म्हणणं. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा आई आठवली. तिच्या चिखलाची जात तीच होती, फक्त काडी वेगळी.

अशा काडीमागे लागायला पगारी माणूस लागतो, प्रयोगशाळा लागते आणि घाई नसलेलं सरकारी खातं लागतं. पुरातत्त्व खात्याची विज्ञान शाखा १९१७ पासून हेच करते आहे. हा पैसा माझ्या-तुमच्या करातला आहे आणि तो इथं खर्च होतो याचा मला अभिमान वाटतो.

ही तपासणी नसती तर काय होतं, तेही अजिंठ्यातच दिसतं. १९२०च्या सुमारास निजामानं दोन इटालियन तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटलेले पापुद्रे पुन्हा चिकटवले, हे मोठं काम झालं. पण चित्रांवर त्यांनी लाखेचा हात दिला. लाख वर्षागणिक पिवळी-तपकिरी पडली, तिच्यावर धूळ-काजळी बसली आणि खालचे रंग बुजले. पुढच्या रसायनतज्ज्ञांना ती रंगाला धक्का न लावता तसू-तसूनं उतरवावी लागली. आता जुन्या मातीत नेमकं काय होतं हे कळल्यावर दुरुस्तीचा गिलावा तिच्याच जातीचा करता येतो. मातीवर सिमेंट थापलं तर दोघांची चाल जुळत नाही, ओल आत कोंडते आणि जुना थर सुटतो. आमच्या घराची एक भिंत अशीच गेली.

वेरूळला गेलो की हल्ली मी आधी चित्र गळून पडलेली जागा शोधतो. तिथं माती उघडी असते. तिरपा उजेड पडला, की तिच्यातून केसाएवढे धागे बाहेर आलेले दिसतात.