सहा, दहा, दोन, सहा, दहा

पहाटे ४:४०
अमळनेर. बोरी नदीच्या काठाजवळची गल्ली. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तीन दिवस आहेत. वहिनी उठल्या, कारण आज नळ येतो. गल्लीत सगळे त्यांना वहिनीच म्हणतात, मीही तेच म्हणतो. धार करंगळीएवढी. दोन पिंपं, सहा हंडे भरायला तासभर जातो. आत खाटेवर त्यांचे यजमान, भाऊ, जागे आहेत, पण उठत नाहीत. रात्रीची गोळी उतरली, सकाळची अजून घ्यायची आहे. मधल्या वेळात अंग लाकडाचं होतं.

६:००
मोबाइलवर पाच गजर आहेत. सहा, दहा, दोन, सहा, दहा. पहिल्या गजराला गोळी, नुसत्या पाण्याबरोबर. पोटात काही नको. भाऊ ४४ वर्षांचे. पार्किन्सन्सचं हे सहावं वर्ष. मुलगी आठवीत, मुलगा दुसरीत.

हा म्हातारपणाचा आजार, असंच गल्ली समजत होती. आपल्याकडचं जुनं नाव कंपवात. लंडनच्या जेम्स पार्किन्सनने १८१७ साली त्यावर लिहिलं, पुढे त्याचंच नाव चिकटलं. पण तो चाळिशीच्या आतही येतो, हे या घराला आल्यावर कळलं.

६:४०
'गोळी लागली' असं इथे म्हणतात, दारू लागावी तसं. मूठ सैल होते. भाऊ स्वतः शर्ट घालतात. शर्टाच्या आत वहिनींनी वेलक्रो शिवलाय. वरची बटणं नुसती दिसायला.

मोरीकडे जाताना उंबऱ्याशी पाय थिजतो, जमिनीला डिंक लावल्यासारखा. म्हणून मुलीने फरशीवर हात-हात अंतराने ऑइलपेंटचे पांढरे पट्टे मारलेत. सपाट फरशीवर अडणारा पाय पट्टा दिसला की उचलतो. हे तिने यूट्यूबवर पाहिलं. डबा ९० रुपयांचा, ब्रश शेजाऱ्यांचा.

७:३०
पोरं शाळेत गेली. वहिनी चार घरं सोडून मावशींकडे. तिथे मांड्यांचं काम चालतं. गहू, डाळ, गूळ, सरपण सगळं मावशींचं, हात वहिनींचे. एका मांड्यामागे १५ रुपये.

पीठ वस्त्रगाळ केलेलं. सैल भिजवायचं, मग परातीत आपटत तिंबायचं. खांद्यापासून हात चालतो. पिठाला तार सुटली की थांबायचं. पुरणाचा गोळा उंड्यात भरायचा, पोळपाटावर थोडा लाटायचा आणि मग दोन्ही हातांवर घ्यायचा. तळहात, मनगट, कोपर. मांडा हातांवर फिरत फिरत मोठा होतो. आरपार उजेड दिसायला लागला की पालथ्या खापरावर टाकायचा. खाली कपाशीच्या काड्या पेटलेल्या. मिनिटभरात उतरवून गरम असतानाच घडी. पाण्याचा थेंब उडाला तर तापलेलं खापर तडकतं. नवं खापर ४०० रुपयांना आलंय, म्हणून पाण्याचा तांब्या मागे, भिंतीशी.

कोपरापर्यंत केस जळून गेलेत वहिनींचे. "भाजत नाही का?" विचारलं. "पहिल्या वर्षी भाजायचं."

१०:००
कमरेच्या बटव्यात गजर वाजतो. मावशी म्हणतात, "जाय माय, मी दखस खापर." हात धुवायचे, चार घरं पळायचं.

"गोयी लिधी का?"

"लिधी."

पण वाटीत गोळी तशीच असते. भाऊ खोटं बोलत नाहीत, सकाळची आठवण दहाची समजतात. म्हणून बघावं लागतं. येणं-जाणं धरून बारा मिनिटं. तेवढ्यात तीन मांडे झाले असते. म्हणजे गोळीची एक फेरी ४५ रुपयांना पडते.

धुळ्याचा एक केटरर लग्नांत दिवसाला ८०० देतो. जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर. वहिनी जात नाहीत.

११:१०
भाऊंशी बोलण्याची ही वेळ. आवाज बारीक झालाय, खुर्ची जवळ घ्यावी लागते. ते बाजार समितीत मापाडी होते. हरभरा, मका, ज्वारी. काटा बघायचा आणि पट्टीवर आकडा लिहायचा. आकडे लहान व्हायला लागले. आडत्या म्हणाला, मुंगीने लिहिलंय का? मग उजवा खांदा आखडला. वर्षभर खांद्यालाच शेक, तेल, इंजेक्शन. चालताना उजवा हात हलत नाही हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

खाजकुयलीचं चूर्ण घ्या, असं सांगणारा एक शेजारी आहे. तो अगदीच चुकीचा नाही. त्या बियांत तेच औषध असतं जे गोळीत आहे, लेव्होडोपा. म्हणूनच डॉक्टर म्हणाले, न विचारता घेऊ नका, डोस दुप्पट होईल.

१:१५
पोरं घरी. वांग्याची भाजी, कळण्याची भाकरी. भाऊंच्या ताटात डाळ नाही. डाळ, दूध, अंडं गोळीच्या आडवं येतं, गोळी पोटातच अडते. म्हणून ते सगळं रात्री. मांड्याच्या पुरणात काय असतं? हरभऱ्याची डाळ. दिवसभर बायको ते हातावर खेळवते आणि नवऱ्याला रात्रीशिवाय मिळत नाही. यावर दोघंही हसतात.

२:००
तिसरी गोळी. आता मुलगी घरी असल्याने फेरी वाचते. ती वहीत टिक करते. त्याच वहीत मागून हिशोब आहे. औषधं महिन्याला २१००. तीन महिन्यांनी धुळ्याचे डॉक्टर, फी ७००. एसटीत वहिनींना अर्धं तिकीट, भाऊंना दिव्यांग सवलत. २०१६ च्या कायद्यात पार्किन्सन्स आहे, म्हणून जळगावहून प्रमाणपत्र मिळालं. त्यावर संजय गांधी योजनेचे पैसे येतात, आधी १५०० होते, आता २५००. शेवटच्या पानावर मुलीने मापाड्याचा आकडा काढलाय, वडिलांच्या जुन्या पट्टीवरून गिरवलेला. मोठा, गोल.

४:३०
पत्र्याखाली उभं राहवत नाही. मावशी मोजतात. ५८ मांडे, ८७० रुपये. असे दिवस आखाजीपर्यंतच. नंतर बिबडे, पापड, कुरडया. त्यात एवढे सुटत नाहीत. आखाजीला सासुरवाशीण माहेरी जाते, झोके खेळते. वहिनींचं माहेर पारोळ्याकडे, तासाभराचंही नाही. त्यांचा भाऊ दोनदा न्यायला येऊन गेला. वहिनींनी त्याच्याबरोबर वीस मांडे पाठवायचं कबूल केलंय.

६:२०
चौथी गोळी लागली की नदीकडे चक्कर. मुलगा पुढे टाळ्या वाजवत, भाऊ त्या ठेक्यावर. बोरीच्या कोरड्या पात्रात सखाराम महाराजांच्या यात्रेसाठी पाळण्यांचे लोखंडी सांगाडे उतरतायत. वैशाख शुद्ध एकादशीला रथ. भाऊंना तो पाहायचाय. वहिनी गर्दीचा हिशोब करतात, काही बोलत नाहीत.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. हृषीकेश पवार तिथे या रुग्णांना नाच शिकवतात. त्याचे व्हिडिओ वहिनींनी पाहिलेत. इथे तसं काही नाही. टाळ्या आहेत.

९:००
आखाजीला खानदेशात पत्ते निघतात. मित्र आत्तापासूनच ओट्यावर जमतात. पानं भाऊंच्या हातात राहत नाहीत, मुलगा धरतो. आजाराने भाऊंचा चेहरा हलत नाही. डाव चांगला की वाईट, समोरच्याला काही कळत नाही. पण पोरगं एक्का दिसला की हसतं. आज ३० रुपये त्याच्यामुळे गेले. भाऊ पुटपुटतात, मित्र कान जवळ नेतो आणि मोठ्याने सांगतो, "म्हणतो, याला उठवा इथून!"

१०:००
पाचवी गोळी. त्याआधी, आठला, अर्धा मांडा दुधात कुस्करून झालाय.

रात्री २:२०
गजर नसलेली वेळ. कूस बदलता येत नाही म्हणून भाऊ हाक मारतात. खाली जुनी नायलॉनची साडी अंथरलीय, तिच्यावरून अंग सरकतं. वहिनी एक हात खांद्याला लावतात, एक कमरेला. एक, दोन, तीन. भाऊ भिंतीकडे वळले.

"किती वाजले?"

"झोपा. नळ परवा आहे."