हिरवं पाणी : शेवाळ मारू नका, उपाशी ठेवा

परसातलं तळं : लेखांक सातवा

वाशीम जिल्ह्यातल्या तळ्यांचं एक ठरलेलं वेळापत्रक आहे. जुलै-ऑगस्टात पाणी गढूळ असतं. काळ्या मातीचे बारीक कण कितीतरी दिवस तरंगत राहतात, ऊन आत शिरत नाही, म्हणून शेवाळही फारसं दिसत नाही. पोळा होतो, पाऊस ओसरतो, गाळ खाली बसतो आणि ऑक्टोबरच्या उन्हात तेच पाणी पंधरवड्यात हिरवंगार होतं. मग सगळीकडून एकच प्रश्न येतो : कोणतं औषध टाकायचं? औषधाबद्दल पुढे सांगतोच, पण आधी शेवाळ जगतं कशावर ते पाहू.

पहिली गोष्ट, पाणी थोडं हिरवं असणं चांगलंच. तो हिरवा रंग सूक्ष्म वनस्पतींचा असतो. त्या खाऊन सूक्ष्म प्राणी वाढतात आणि त्यांच्यावर कटला पोसतो. काचेसारखं नितळ पाणी माशांसाठी उपाशी पाणी असतं. प्रश्न आहे तो किती हिरवं, याचा. तो मोजायची सोपी पद्धत १८६५ मध्ये अँजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने वापरात आणली. जुन्या स्टीलच्या ताटलीचे चार भाग पाडून ते आळीपाळीने काळे-पांढरे रंगवा, मधोमध दोरी बांधा, खाली वजन लावा. दुपारी ऊन डोक्यावर असताना ती पाण्यात सोडा आणि दिसेनाशी होते ती खोली मोजा. २५ ते ४० सेंटिमीटर असेल तर कटला-रोहूच्या तळ्याला उत्तम. २० च्या आत आली तर सावध व्हा. ताटली नसेल तर हात कोपरापर्यंत बुडवा. कोपर बुडण्याआधीच तळवा दिसेनासा झाला, तर पाणी जास्तच दाट आहे. हे मोजमाप पाण्यातला गाळ बसल्यावरच करायचं, नाहीतर मातीलाच आपण शेवाळ समजू.

आता खरं कारण. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये एका सरोवराच्या मधोमध प्लास्टिकचा पडदा लावून त्याचे दोन भाग केले. एका बाजूला कार्बन आणि नायट्रोजन दिला. दुसऱ्या बाजूला त्याच दोन्हींबरोबर फॉस्फरसही. काही आठवड्यांतच फॉस्फरसची बाजू हिरवी झाली आणि दुसरी तशीच राहिली. पाण्यातल्या शेवाळाचा लगाम बहुतेक वेळा फॉस्फरसच्या हातात असतो, हे त्या एका प्रयोगाने जगाला दाखवलं.

हा हिशेब आपल्या तळ्याला लावून बघा. परसातला हौद लहान असो, पण गणित सोपं जावं म्हणून शेततळंच घेऊ. 'मागेल त्याला शेततळे' ही योजना २०१६ मध्ये आली. तिच्यातल्या ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या तळ्यात, बाजूंचा उतार धरून, साधारण २२ लाख लिटर पाणी मावतं. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात शुद्ध फॉस्फरस सुमारे १० किलो असतो. त्यातला एकच किलो, म्हणजे पाच किलो डीएपी, पावसाबरोबर वाहून तळ्यात आला, तर दर लिटरला जवळपास अर्धा मिलिग्रॅम फॉस्फरस मिळतो. पाणी दाट हिरवं व्हायला याचा पाचवा हिस्साही पुरे होतो. शिवाय एक किलो फॉस्फरसवर सुकं शंभर किलोच्या आसपास शेवाळ उभं राहू शकतं.

आपला जिल्हा सोयाबीनचा. पेरणीबरोबर वावरात पडलेला फॉस्फरस मातीच्या कणांना घट्ट चिकटतो. म्हणून मृगाच्या पहिल्या सरींत वावरातून येणारं काळं पाणी म्हणजे तळ्यासाठी पातळ केलेलं खतच. दुसरी वाट गोठ्याची. परसातल्या तळ्याला ती सगळ्यात जास्त भोवते, कारण गोठा आणि हौद यांच्यात बहुधा दहा पावलांचंच अंतर असतं. तिसरी वाट आपल्या हातातली, पेंड-कोंड्याची. न खाल्लेलं खाद्य तर तळाशी कुजतंच. खाल्लेल्यातलाही बराचसा फॉस्फरस विष्ठेतून पाण्यात परततो.

त्यात तळं बंद असतं, आत आलेलं बाहेर जात नाही. रिसोडकरांना शेजारच्या लोणारचं उदाहरण ठाऊक आहे. बेसॉल्टमधल्या त्या विवराला बाहेर जायची वाट नाही, म्हणून क्षार साठत गेले आणि त्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यात निळ्या-हिरव्या शेवाळाचंच राज्य झालं. २०२० च्या जूनमध्ये पाणी कमी झालं, क्षार वाढले आणि मीठ सोसणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे ते सरोवर गुलाबी दिसलं. बंद पाण्यात काय साठलंय, यावरच त्याचा रंग ठरतो.

म्हणून उपायही दोनच दिशांचे : येणारं अडवायचं आणि आलेलं बाहेर काढायचं.

अडवायचं म्हणजे वावराकडच्या बाजूला गवताचा पट्टा ठेवायचा आणि पाणी आत येतं तिथे गाळ बसायला छोटा खड्डा करायचा. गोठ्याचं पाणी उतारानेच दुसरीकडे वळवायचं. हौदाजवळ भांडी-कपडे धुवायचे नाहीत. पाणी हिरवं असताना शेण-स्लरी टाकणं थांबवायचं, कारण तळ्याला खत घालायचं ते हिरवेपणा कमी असेल तेव्हाच. खाद्य पाण्यावर उधळू नका. छिद्रं पाडलेल्या पोत्यात भरून बांबूला बांधा आणि दुसऱ्या दिवशी पोतं बघा. खाद्य शिल्लक असेल तर तेवढं कमी करा.

बाहेर काढायचा सगळ्यात चांगला मार्ग तळ्याच्या मूळ कामातच आहे : ओलीत. तळाकडचं पाणी उपसून संत्र्याच्या बागेला किंवा भाजीपाल्याला द्या आणि विहिरीचं ताजं पाणी तळ्यात सोडा. तळ्याला जे नको आहे तेच झाडाला हवं आहे. मात्र ठिबकमधून देणार असाल तर वाळूचा फिल्टर हवाच, नाहीतर नळ्या चोंदतात. केसांसारखं लांब शेवाळ असेल तर ते बांबूने गुंडाळून काढा, काठावर ठेवू नका, थेट उकिरड्यात न्या. काठावर ठेवलं तर पहिल्या पावसात त्यातला फॉस्फरस तळ्यात परततो. एका कोपऱ्यात जाळी बांधून अझोला वाढवता येतो. तो रोज काढून जनावरांना घालायचा. सगळं पाणी मात्र अझोल्याने झाकू देऊ नका. उन्हाळ्यात तळं आटलं की गाळ वावरात टाका. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या योजनेचं तत्त्व लहान तळ्यालाही तेवढंच लागू आहे. अस्तराच्या तळ्यात मात्र फावडं चालवू नका, गाळ पाण्याबरोबर पंपानेच ओढा. परसातल्या हौदावर निम्म्या भागात शेडनेट टाकलं तरी फरक पडतो.

माशांवर सगळी भिस्त ठेवू नका. चंदेरा पाण्यातले सूक्ष्म कण गाळून खातो, पण त्यात शेवाळ खाणारे सूक्ष्म प्राणीही जातात आणि कधीकधी बारीक शेवाळ उलट वाढतं. गवत्या केसाळ शेवाळाला तोंड लावतो, पण मऊ पाला मिळाला तर त्याचा ओढा तिकडे. शिवाय जे खाल्लं ते तळ्यातच टाकतो.

आता औषध. संत्र्याच्या खोडांना बोर्डो लावणाऱ्या घरात मोरचूद असतंच, आणि हात तिकडेच जातो. मोरचूद शेवाळ मारतं, यात शंका नाही. पण दाट शेवाळ एकदम मेलं की ते कुजायला लागतं आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतं. मासे विषाने नाही मेले तर गुदमरून मरतात. फॉस्फरस तर पाण्यातच राहतो, महिन्याभरात पाणी पुन्हा हिरवं होतं आणि तांबं गाळात साठत जातं. किती मोरचूद माशांना सोसेल, हे पाण्याच्या क्षारतेवर ठरतं. ती मोजल्याशिवाय टाकणं म्हणजे माशांच्या जिवाशी खेळ. माझं मत स्पष्ट आहे : मासे असलेल्या तळ्यात मोरचूद नको.

प्राणवायूचं गणित प्रत्येक मासेवाल्याला पाठ असायला हवं. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री तेच तो ओढतं. म्हणून सगळ्यात वाईट वेळ पहाटेची. झड लागून तीन-चार दिवस ऊन पडलं नाही, तर धोका दुप्पट होतो. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा घेताना दिसले, तर खाद्य ताबडतोब बंद करा आणि विहिरीचं पाणी भोकं पाडलेल्या पाइपातून उंचावरून पाडा. सौर पंप त्या वेळी कामाला येत नाही. वीज, डिझेल इंजिन किंवा बॅटरीवरचा लहान पंप यांची सोय आधीच करून ठेवा.

एक सूचना जनावरांसाठी. पाण्यावर रंग सांडल्यासारखा निळसर-हिरवा तवंग आणि उग्र वास आला, तर ते निळं-हिरवं शेवाळ समजा. त्यातल्या काही जाती यकृताला घातक विष तयार करतात. असं पाणी बैल, गायी, शेळ्यांना पाजू नका, आणि त्यावर मोरचूद तर मुळीच टाकू नका, कारण पेशी फुटल्या की विष पाण्यात मोकळं होतं.

कोणतंही रसायन विकत घेण्याआधी पाण्याचा नमुना घेऊन करड्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात तपासणीची चौकशी करा. या आठवड्यात ताटली रंगवून रोज दुपारी खोली लिहून ठेवायला सुरुवात करा. पुढच्या लेखांकात थंडीतल्या खाद्याचं प्रमाण ठरवताना तीच वही लागणार आहे.