वावडे, पित्त आणि ॲलर्जी : संज्ञा व व्यवहार

शरीर आणि बाह्य पदार्थ यांच्यातील विसंवाद व्यक्त करणारे अनेक प्रयोग मराठीत रूढ आहेत. एखादा पदार्थ बाधतो, सोसत नाही, मानवत नाही; त्याचे वावडे असते; अंगावर पित्त उठते, गांधी येतात; बिब्बा उततो. अलीकडे या सर्वांच्या जागी 'ॲलर्जी' हा एकच शब्द वापरण्याकडे कल दिसतो. शब्द एक झाला, तरी त्याने निर्दिष्ट होणाऱ्या घटना एक नाहीत आणि त्यांवरील उपायही एक नाहीत. म्हणून या संज्ञेची फोड करणे हे केवळ कोशकाराचे काम नसून रुग्णाच्या हिताचेही आहे.

१९०६ साली व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 'अन्य' आणि 'कार्य' या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून ही संज्ञा घडविली. एखाद्या द्रव्याशी पूर्वी संबंध आल्यामुळे शरीराच्या प्रतिक्रियेत झालेला बदल, एवढाच तिचा मूळ अर्थ होता; तो बदल हितकर असो वा अहितकर. पुढे वैद्यकात तिचा अर्थसंकोच होऊन अहितकर प्रतिक्रियाच तेवढी उरली, आणि लोकव्यवहारात मात्र अर्थविस्तार होऊन तीत सर्व प्रकारची नावड सामावली.

शास्त्रीय अर्थाने ॲलर्जी म्हणजे निरुपद्रवी द्रव्याला शत्रू समजून रोगप्रतिकारयंत्रणेने दिलेले उत्तर होय. तिच्या तात्कालिक प्रकारात आयजीई नावाचे प्रतिपिंड कारणीभूत असतात. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिक यांनी त्यांचा स्वतंत्रपणे शोध लावला. पूर्वसंपर्कात तयार झालेले हे प्रतिपिंड मास्ट पेशींना चिकटून राहतात. तेच द्रव्य पुन्हा आले की या पेशी हिस्टामीन व इतर द्रव्ये सोडतात आणि काही मिनिटांत शिंका, खाज, गांधी वा दम लागणे ही लक्षणे दिसू लागतात.

या कसोटीवर मराठी प्रयोग पाहिले असता भेद स्पष्ट होतो. दूध 'बाधते' असे म्हणणाऱ्या प्रौढाला बहुधा दुग्धशर्करा पचविणारे विकर कमी असते. तेथे प्रश्न पचनाचा व प्रमाणाचा असून अर्धा पेला दूध अनेकांना चालते. दुधातील प्रथिनांची खरी ॲलर्जी असेल, तर मात्र अल्प अंशही घातक ठरू शकतो. 'वावडे' हा शब्द या दोहोंना एकच मानतो. बिब्बा उततो तेव्हा काही भाग तेलाच्या दाहकतेचा, तर काही भाग टी-पेशींनी घडविलेल्या विलंबित ॲलर्जीचा असतो. १९५० नंतरच्या दशकात पुण्याच्या परिसरात आढळलेल्या गाजर गवतामुळे होणारा त्वचादाहही बहुतांशी या विलंबित वर्गातला. तो संपर्कानंतर एकदोन दिवसांनी प्रकट होत असल्याने कारणाचा संशय भलत्याच पदार्थावर जातो.

सर्वांत जपून वापरावयाचा शब्द 'पित्त' हा होय. माधवनिदानात शीतपित्ताचे वर्णन आहे व त्याचीच छाया बोलीत उतरली आहे. परंतु जठरातील आम्लाधिक्यालाही मराठी माणूस पित्तच म्हणतो. त्यामुळे गांधी उठल्यावर कोणी आमसुलाचे पाणी लावून, तर कोणी सोडा घेऊन वाट पाहत बसतो. प्रत्येक गांध ॲलर्जीची नसते. मुलांत ती विषाणुसंसर्गानेही उठते आणि बहुधा आपोआप जिरते. परंतु गांधींच्या जोडीला धाप, आवाज बसणे, जीभ सुजणे, वारंवार उलट्या वा घेरी आली, तर ती जीवघेणी तीव्र प्रतिक्रिया समजली पाहिजे. अशा वेळी ॲड्रिनलिनचे इंजेक्शन मांडीच्या बाहेरील स्नायूत तत्काळ देणे हाच पहिला उपाय होय; हिस्टामीनरोधक गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. रुग्णास आडवे निजवून पाय उंच ठेवावेत, धाप असल्यास बसू द्यावे, चालवू नये, व रुग्णालयात न्यावे. काही तासांनी लक्षणे उलटू शकतात, म्हणून तेथे देखरेख आवश्यक असते.

नेहमीच्या व्यवस्थापनातही शब्दांचे भान उपयोगी पडते. रक्ततपासणीत प्रतिपिंड आढळले एवढ्यावरून ॲलर्जी सिद्ध होत नाही. लक्षणांशी मेळ बसावा लागतो. केवळ अशा अहवालावरून मुलाच्या ताटातील डाळी, अंडी, शेंगदाणे वर्ज्य केल्यास पोषणाची हानी मात्र निश्चित होते.

यास्तव रुग्णाने रोगाचे नाव सांगण्याऐवजी घटना सांगावी : काय खाल्ले वा कशास स्पर्श झाला, किती प्रमाणात, किती वेळाने काय झाले, आणि पूर्वी तसेच घडले होते काय. वैद्यानेही 'पित्त' वा 'ॲलर्जी' हा शब्द उत्तर म्हणून न स्वीकारता तेथून प्रश्नास आरंभ करावा. बोलीतील जुने प्रयोग टाकून देण्याचे कारण नाही. 'बाधणे', 'उतणे' आणि 'गांध उठणे' यांतील भेद जपल्यास निदानाची अर्धी वाट मराठीतच चालता येते.