चेल्टनहॅमच्या टिपा आणि हॉलंडातील आपली मुले

शर्यतीचे नाव काढले की आपल्या बेटावरील माणसाच्या डोळ्यांपुढे पहिल्याने शाँ-द-मार्स उभे राहते. १८१२ साली पोर्ट लुईच्या डोंगरांच्या कुशीत सुरू झालेले हे मैदान दक्षिण गोलार्धातील सर्वांत जुन्या शर्यतमैदानांत गणले जाते. मेडन कपाच्या दिवशी घरची मंडळी फराळाचे डबे घेऊन तेथे जात, हे आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी पाहिले आहे. त्या गर्दीत कानाशी येऊन घोड्याचे नाव सांगणारा एखादा काका भेटायचाच. अशा गुप्त बातमीला फ्रेंचमध्ये ‘तुयो’ म्हणतात, म्हणजे नळी. नळीच्या दुसऱ्या टोकाला कोण बसला आहे हे मात्र ऐकणाऱ्याला कधीच दिसत नाही!

आता ती नळी आपल्या मुलांच्या खिशात आली आहे. शिक्षणासाठी, नोकरीसाठी आपली मुले युरोपात पसरली, त्यांतील काही हॉलंडात आहेत. दरवर्षी मार्च महिना जवळ आला की तेथील आमच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कोणी ना कोणी विचारतो, “गुरुजी, यंदा चेल्टनहॅमला कोणता घोडा?” आम्ही गणित शिकवले, घोडे नव्हे. तरीही प्रश्न मुळात गणिताचाच आहे, म्हणून या आठवड्यात तो सोडवून पाहू.

ज्या मॉरित्स राजपुत्राचे नाव १५९८ साली डच खलाशांनी आपल्या बेटाला दिले, त्याच्या देशात घोड्यांचा शौक जुना आहे. पण तो दुडक्या चालीच्या घोड्यांचा. घोड्यामागे दोन चाकांची हलकी गाडी, तीत हाकणारा बसलेला, आणि घोड्याने चौखूर उधळायचे नाही, अशी ती शर्यत. उत्तर हॉलंडातील गावांत उन्हाळी जत्रेच्या वेळी भर रस्त्यावर वाळू टाकून ‘कोर्तेबान’ शर्यती होतात. अंतर अवघे तीनशे मीटरांच्या आसपास. एका वेळी दोनच घोडे धावतात. हरलेला घरी, जिंकलेला पुढच्या फेरीत. सांतपोर्त गावची अशी शर्यत अठराव्या शतकापासूनची. दोन्ही बाजूंना गावकरी उभे, मुलांच्या हातांत तळलेले बटाटे, आणि एका टेबलाशी दोन-चार युरोची पैज घेणारा टोट. महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींच्या गोष्टी आजोबांच्या तोंडून ऐकलेल्यांना हा देखावा परका वाटणार नाही. बांधीव मैदाने म्हणाल, तर द हेगजवळ वासेनार येथे डाउंडिख्ट हे १९०६ सालचे मैदान आणि फ्रीसलंडमध्ये वोल्वेगा, ही नावे डच शौकिनांच्या तोंडी असतात.

उडीच्या शर्यतींचा मोठा उत्सव मात्र त्या देशात नाही. म्हणून मार्चमध्ये तेथील पैजवाल्यांचे डोळे समुद्रापलीकडे इंग्लंडकडे लागतात.

चेल्टनहॅमचा उत्सव चार दिवसांचा, मंगळवार ते शुक्रवार, एकूण २८ शर्यती. आपल्याकडे घोडे सपाटीवर धावतात, शाँ-द-मार्सची फेरीही सुमारे १३०० मीटरांची. तेथे शुक्रवारच्या गोल्ड कपात घोड्याला सव्वापाच किलोमीटरांहून अधिक धावायचे असते, वाटेत २२ कुंपणे ओलांडायची असतात, आणि हे सारे झाल्यावर शेवटी चढ! शेवटचे कुंपण पहिल्याने ओलांडलेला घोडा त्या चढावर दमून चौथा येतो, हे तेथे दर वर्षी दिसते. गोल्ड कप आजच्या स्वरूपात १९२४ पासून चालू आहे. गोल्डन मिलर या घोड्याने तो १९३२ ते १९३६ अशी लागोपाठ पाच वर्षे जिंकला. आर्कल या आयरिश घोड्याने १९६४ पासून तीन वर्षे. २०२२ साली आ प्लू तार या घोड्यावर बसून रेचेल ब्लॅकमोर हिने तो जिंकला. गोल्ड कप जिंकणारी ती पहिली स्त्री. आमच्या वर्गातील मुलींना हे सांगितले तेव्हा त्यांनी घोड्याचे नाव विचारले नाही, तिचे वय विचारले.

आता टिपांकडे वळू. जाणकार जे सांगतात त्यात तथ्य मुळीच नाही असे आम्ही म्हणणार नाही. पूर्वी याच मैदानावर चांगला धावलेला घोडा पाहावा, कारण तो चढ सर्वांना मानवत नाही. पावसाने जमीन मऊ झाली की नुसत्या वेगापेक्षा दमाचा घोडा बरा. आयर्लंडच्या तबेल्यांकडे दुर्लक्ष करू नये: २०२१ साली २८ पैकी २३ शर्यती आयरिश घोड्यांनी नेल्या, आणि विली मलिन्स या एकट्या शिक्षकाने २०२४ पर्यंत या उत्सवात शंभर विजय पुरे केले. (घोड्यांना तयार करणाऱ्यालाही शिक्षकच म्हणावे लागते, त्याचे विद्यार्थी निदान पैजा लावत नाहीत.) हे सर्व खरे आहे. अडचण एवढीच, की ते सर्वांना ठाऊक आहे. मलिन्सचा घोडा चांगला हे पैज घेणाऱ्यालाही कळते, म्हणून त्या घोड्याचा भाव त्याने आधीच उतरवलेला असतो. वर्तमानपत्रात छापून आलेली टीप ही बाजारात शिळी झालेली भाजी होय. ती खोटी नसते, पण तिचे पैसे भावातून आधीच वळते झालेले असतात.

वहीवर एक उदाहरण मांडू. सहा घोड्यांची शर्यत आहे. भाव इंग्रजी रीतीने असे: दोनास एक, तिनास एक, चारास एक, पाचास एक, सातास एक, दहास एक. दोनास एक म्हणजे एक युरो लावून जिंकल्यास दोन मिळतात आणि आपला एक परत येतो. डच कंपन्या हाच भाव ३ असा लिहितात, कारण त्या मूळ रक्कम धरून सांगतात. नवख्याला तो आकडा मोठा वाटतो, तेवढे सांभाळावे. आता कोणताही घोडा जिंकला तरी आपल्या हाती बरोबर १०० युरो यावेत, असे सर्व घोड्यांवर पैसे लावू. पहिल्यावर ३३.३३, दुसऱ्यावर २५, तिसऱ्यावर २०, चौथ्यावर १६.६७, पाचव्यावर १२.५० आणि सहाव्यावर ९.०९. बेरीज करा. ११६.५९ होते. म्हणजे शंभर मिळवण्यासाठी जवळजवळ एकशे सतरा द्यावे लागले. वरचे साडेसोळा दुकानदाराचे. घोडे सुटण्यापूर्वीच लावलेल्या दर शंभरातील सुमारे चौदा त्याच्या बाजूला झुकलेले असतात. टीप देणाऱ्याला या चौदांवर मात करून वर नफा दाखवायचा असतो, आणि तोही वर्षानुवर्षे. ज्याला ते साधते तो आपले गुपित दहा युरोला का विकील?

सर्वांच्या लाडक्या घोड्याचेही तेच. इंग्लंड-आयर्लंडमधील शर्यतींत लाडका घोडा ढोबळमानाने तिनांत एकदा जिंकतो. ऐकायला हे बरे वाटते, पण उरलेल्या दोन वेळा तो हरतो. उडीच्या शर्यतीत तर पडण्याचे भय वेगळेच. ११ मार्च २०२५ रोजी चॅम्पियन हर्डल या शर्यतीत सर्वांचा भरवसा असलेला कॉन्स्टिट्यूशन हिल मध्येच पडला. मग आघाडीवर असलेला स्टेट मॅन शेवटच्या अडथळ्यावर पडला, आणि पंचविसास एक भावाची गोल्डन एस ही घोडी जिंकून गेली. १९९० चा गोल्ड कप तर वेल्समधील एका गवळ्याच्या घोड्याने, नॉर्टन्स कॉइनने, शंभरास एक भावाने जिंकला. त्या सकाळी त्याचा मालक गाईंच्या धारा काढून शर्यतीला आला होता असे सांगतात. अशा कथा पैजवाले मोठ्या आवडीने सांगतात. त्याच भावाचे जे शेकडो घोडे मागून चालत आले, त्यांच्या कथा कोण सांगणार?

सर्वांत गोड सापळा म्हणजे साखळी पैज. चार घोडे निवडायचे, चारही जिंकले तर भाव एकमेकांना गुणून मोठी रक्कम. २०१५ साली पहिल्याच दिवशी मलिन्सचे तीन लाडके घोडे जिंकले. हजारो लोकांच्या साखळीतील चौथी कडी म्हणजे ॲनी पॉवर ही घोडी. ती शेवटच्या अडथळ्यापर्यंत आघाडीवर होती, उडी मारली आणि कोसळली. घोडी उठली, तिला काही झाले नाही. पैज घेणाऱ्यांचे मात्र त्या एका पडण्याने कोट्यवधी पौंड वाचले असा अंदाज दिला गेला. गुणाकार शिकवताना आम्ही मुलांना नेहमी सांगतो की जे वाढते तेही गुणाकाराने, आणि जे घटते तेही. तिनांत एक असा संभव असलेले चार घोडे जोडले, तर चारही जिंकण्याचा संभव एक्याऐंशीत एक उरतो. आणि दुकानदाराचे ते चौदासुद्धा चारदा कापले जातात.

‘ईच-वे’ पैजेबद्दलही विचारतात. तीत अर्धे पैसे जिंकण्यावर आणि अर्धे पहिल्या काही क्रमांकांवर असतात. सोळा किंवा अधिक घोड्यांच्या हँडिकॅपमध्ये रिवाजाने पहिले चार धरतात, भाव एक-चतुर्थांश. विसास एक भावाच्या घोड्यावर पाच अधिक पाच युरो लावले आणि तो चौथा आला, तर तीस युरो परत येतात. पण चारास एक भावाचा घोडा चौथा आला तर हाती येतात दहाच, म्हणजे आपलेच. शिवाय आठवडेच्या आठवडे आधी लावलेल्या पैजेत घोडा लंगडला आणि धावलाच नाही, तर नेहमीच्या नियमाने पैसे बुडतात. ज्याला उत्सवाची मौजच हवी त्याने पाच युरो तिकिटाचे समजून द्यावे व शर्यत पाहावी. आमचा विरोध नाही.

हॉलंडच्या सरकारने हे गणित उशिरा का होईना मनावर घेतले. १ ऑक्टोबर २०२१ पासून तेथे परवानाधारक कंपन्यांना फोनवरून पैजा घेण्याची मोकळीक मिळाली. लगेच इतक्या जाहिराती सुरू झाल्या की लोक कंटाळले. मग २०२२ मध्ये नामवंत खेळाडूंना जाहिरातीत वापरण्यास बंदी आली. १ जुलै २०२३ पासून दूरदर्शन, रेडिओ, वर्तमानपत्रे व रस्त्यांवरील जाहिराती बंद झाल्या, आणि १ जुलै २०२५ पासून खेळाडूंच्या सदऱ्यांवरील नावेही गेली. ऑक्टोबर २०२४ पासून महिन्याला ७०० युरोपेक्षा जास्त भरायचे असतील तर ते त्या माणसाला परवडते का, याची चौकशी कंपनीनेच करायची आहे. १८ ते २४ वर्षांच्या मुलांसाठी ही रेषा ३०० वर आहे. परवाना नसलेल्या परदेशी कंपन्या यांतले काहीच पाळत नाहीत, आणि फोनवर फुकट टिपा पाठवणाऱ्यांच्या मागे पुष्कळदा त्याच असतात. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकामागे टीप देणाऱ्याला दलाली मिळते, कित्येकदा ती गिऱ्हाइकाच्या तोट्यातील हिस्साच असते.

हे लिहिण्याचे कारण आमच्या ओळखीचे एक घर आहे. त्यांचा मुलगा तिकडे कामाला. पहिल्या वर्षी चेल्टनहॅममध्ये थोडे जिंकला, त्याने आईला नवी शिवणयंत्राची मोटार पाठवली. दुसऱ्या वर्षी घरभाडे थकले, बहिणीच्या लग्नासाठी साठवलेले गेले, आणि फोन येणे बंद झाले. आईला वाटले, मुलगा गोऱ्या बायकोच्या नादी लागला.

अशा घरांना ठाऊक असावी अशी एक सोय हॉलंडात आहे. ‘क्रुक्स’ नावाची एक सरकारी नोंदवही आहे. तीत नाव असलेल्या माणसाला कोणतीही परवानाधारक कंपनी किंवा जुगारघर आत घेऊ शकत नाही. माणूस आपले नाव स्वतः घालू शकतो, निदान सहा महिन्यांसाठी. तो तयार नसेल तर जवळचे नातेवाईक तेथील जुगार-नियामक कार्यालयाकडे अर्ज करू शकतात. तो अर्ज कारणे व पुरावे दाखवून करायचा असतो. मुलाचे म्हणणे ऐकून घेतले जाते आणि मग निर्णय होतो. नोंद झाली तर तीही सहा महिन्यांची. त्या आईला हे कळले तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला तो असा, की अर्जात मुलाचे नाव लिहिले म्हणजे त्याची नोकरी तर जाणार नाही ना. ती यादी मालकांना पाहायला मिळत नाही, हे आम्ही तिला दोनदा समजावून सांगितले.