‘रामा’चे अदृश्य कर्ते
ग्रीक व रोमन देवतांची नामावली लघुग्रहांच्या बारशांतच सरल्यामुळे ज्योतिर्विद हिंदू देवमंडळाकडे वळले, असे मिस्कील कारण देऊन आर्थर सी. क्लार्क यांनी ‘राँदेव्हू विथ रामा’ (१९७३) या कादंबरीत, २१३१ साली सूर्यमालेत दाखल होणाऱ्या परकीय यानास हे नाव बहाल केले. सुमारे ५० किलोमीटर लांबीचा हा पोकळ दंडगोल चार मिनिटांत स्वतःभोवती एक फेरा घेतो, आणि त्या परिवलनातून उपजणारे केंद्रोत्सारी बलच आत गुरुत्वाकर्षणाचे काम बजावते. मध्यभागी कड्यासारखा पसरलेला गोठलेला समुद्र, सूर्याची उष्णता बाह्य कवचातून झिरपत असल्याने, तळाकडून वितळू लागतो. कर्ते मात्र अखेरपर्यंत दृष्टीस पडत नाहीत, आणि कादंबरीची खरी मातब्बरी, आमच्या मते, त्यातच आहे. ह्यूगो व नेब्युला हे दोन्ही पुरस्कार तिने पटकावले.