वेगवान संदेशांची झीज आणि रीड्रायव्हर

जबलपूर जिल्ह्यातील बरगी येथे नर्मदेवर सुमारे 69 मीटर उंचीचे धरण आहे. त्याचे पाणी कालव्यांनी दूरच्या शेतांपर्यंत नेले जाते. अशा लांब कालव्याचा एक गुणधर्म ध्यानात घेण्याजोगा असतो. मुखाशी दार एकाएकी उघडले, तरी कित्येक मैलांवर पाण्याची पातळी एकाएकी चढत नाही. ती सावकाश चढत जाते. दार भराभर उघडमीट केले, तर ते फेरफार वाटेतच एकमेकांत मिसळून जातात. पाणी पोहोचते, पण दार किती वेळा उघडले ही बातमी मात्र पोहोचत नाही.

संगणकातील तांब्याच्या मार्गावर कारणे निराळी असली, तरी परिणाम असाच होतो. तेथे शून्य आणि एक या दोन अंकांची, म्हणजे बिटांची, रांग विजेच्या दाबातील चढउतारांच्या रूपाने धावत असते. 2008 साली जाहीर झालेल्या यूएसबी 3.0 या पद्धतीत दर सेकंदाला 5 अब्ज बिट पाठविले जातात. एका बिटाच्या वाट्याला सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही केवळ पाचवा हिस्सा येतो. तेवढ्या अवधीत सर्किट बोर्डवरील संदेश जेमतेम 3 सेंटिमीटर पुढे सरकतो.

ही झीज दोन कारणांनी होते. पहिले असे की, कंपने जितकी शीघ्र, तितका प्रवाह तांब्याच्या पृष्ठभागाकडे सरकतो. दर सेकंदास 1 अब्ज कंपने असता तो मुख्यतः सुमारे 2 मायक्रोमीटर जाडीच्या थरातूनच वाहतो. साहजिकच वाट अरुंद होऊन अडथळा वाढतो. दुसरे कारण बोर्डच्या काचतंतू व राळ यांच्या थरात आहे. प्रत्येक कंपनाबरोबर तो थर थोडी ऊर्जा शोषून तिची उष्णता करतो. दोन्ही कारणांनी संदेशातील शीघ्र अंश अधिक झिजतात आणि मंद अंश कमी. त्यामुळे चढउतारांच्या कडा बोथट होतात आणि एका बिटाचा अवशेष पुढच्या बिटावर सांडतो.

मग संदेश अधिक जोराने का पाठवू नये? या प्रश्नाचे उत्तर इतिहासाने दिले आहे. 1858 साली अटलांटिक महासागरातून टाकलेल्या पहिल्या तारेवर 98 शब्दांचा एक संदेश पोहोचण्यास सुमारे 16 तास लागले. व्हाइटहाउस या विद्युत्‌तज्ज्ञाने सुमारे 2000 व्होल्टपर्यंत दाब लावला. तारेचे वेष्टन आधीच सदोष होते. ते त्या दाबाने आणखी खचले आणि काही आठवड्यांतच तार मुकी झाली. विल्यम टॉमसन यांचा मार्ग वेगळा होता: तारेचे गुणधर्म जाणून घ्यावेत आणि क्षीण संदेश टिपणारे नाजूक उपकरण वापरावे. 1866 साली टिकाऊ तार सुरू झाली, आणि 1870 साली मुंबईही सागरी तारेने एडन व सुएझमार्गे ब्रिटनशी जोडली गेली.

रीड्रायव्हर ही लहानशी चिप याच विवेकाने काम करते. ती सर्वच अंशांना सारखे वाढवीत नाही. तिच्यातील इक्वलायझर, म्हणजे समतोल साधणारे विद्युत् मंडल, जे अंश वाटेत अधिक झिजले त्यांनाच अधिक उचलून धरते. नंतर पुढच्या वाटेत होणारी झीज हिशेबात धरून संदेशाच्या कडा मुद्दाम किंचित ठसठशीत करून ती तो पुढे पाठविते.

तथापि या उपायास मर्यादा आहेत. रीड्रायव्हरला बिटांचा अर्थ कळत नाही. तो केवळ तरंगाचा आकार सुधारतो. संदेशात मिसळलेला गोंगाटही त्याबरोबर वाढतो. म्हणून तो मार्गाच्या अगदी शेवटी, संदेश गोंगाटात बुडाल्यावर, बसवून उपयोग नाही. संदेश ओळखण्याजोगा आहे तोवरच त्याला गाठले पाहिजे. त्याचा जोर प्रमाणाबाहेर ठेवला, तरीही संदेश बिघडतो. जेथे हे पुरत नाही, तेथे रिटायमर योजतात. तो प्रत्येक बिट वाचतो, शून्य की एक हे ठरवतो आणि वेळेच्या अचूक तालावर नव्याने लिहून काढतो. त्याला खर्च, वीज आणि वेळ मात्र अधिक लागतो.

वेग वाढतो तशी ही निवड कठीण होते. 2017 साली पूर्ण झालेल्या पीसीआय एक्स्प्रेस 4.0 या पद्धतीत प्रत्येक वाटेने दर सेकंदाला 16 अब्ज बिट जातात. तेथे 28 डेसिबलपर्यंतची झीज गृहीत धरलेली आहे, म्हणजे शीघ्र अंशांचा दाब मूळच्या सुमारे पंचविसाव्या भागापर्यंत उतरू शकतो. म्हणून कुशल अभियंता प्रथम वाट आखूड करतो, बोर्डासाठी कमी ऊर्जा शोषणारा पदार्थ निवडतो आणि झीज मोजतो. त्यानंतरही उणीव राहिली, तरच तो रीड्रायव्हर बसवतो. कोणता अंश किती हरवला हे ठाऊक असल्याशिवाय भरपाई करणे म्हणजे अंधारात बाण मारणे होय.